दहा सेंटचा फोटो परवडतो का?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. आपल्या ग्रुपवर मी एखादा फोटो टाकला की चार अंगठे येतात आणि पाचवा निरोप हमखास असतो, "अरे, हे इंटरनेटवर विक की! डॉलरमध्ये पैसे मिळतात म्हणे." आता ही गोष्ट थट्टेपुरती राहिलेली नाही. आपल्यातला एक जण पुढच्या वर्षी निवृत्त होतोय आणि दीड लाखाचा कॅमेरा घेऊन हाच उद्योग करायचा म्हणतोय. एका मैत्रिणीचा मुलगा तर चांगली नोकरी सोडायच्या बेतात आहे. तेव्हा थोडे जबाबदारीने बोलायला हवे.

मी तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढली. फोटोग्राफी हा छंद. गेली काही वर्षे मी या स्टॉक साइट्सवर फोटो ठेवतो आणि सवयीप्रमाणे त्याची वही ठेवतो. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग हिशेब. जे फोटो आपण तसेही काढणार होतो, ते तिथे विकायला ठेवणे परवडते. तिथे विकण्यासाठी म्हणून फोटो काढायला निघणे परवडत नाही. एवढेच सांगायला मी उभा आहे. बाकी सगळा ताळा.

ही दुकाने काय आहेत ते आधी पाहू. वर्तमानपत्र, जाहिरात कंपनी, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक यांना रोज तयार फोटो लागतात. पूर्वी ते मोठ्या एजन्सीकडून घेत आणि एका फोटोला शेकडो डॉलर मोजत. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉकफोटो सुरू झाले. आधी हा फोटोंच्या देवाणघेवाणीचा मामला होता, नंतर थोडे सेंट घेऊन विक्री सुरू झाली. २००३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजर नावाच्या माणसाने स्वतःच काढलेले ३०,००० फोटो मांडून शटरस्टॉक काढले. महिन्याची वर्गणी भरा आणि फोटो उतरवून घ्या, अशी त्याची पद्धत. हातोहात डिजिटल कॅमेरे आले होते, हौशी लोक जगभर होते, आणि फोटोचा भाव शेकडो डॉलरवरून सेंटवर आला. गेटी इमेजेस ही जुन्या बाजारातली बडी कंपनी. तिने २००६ मध्ये आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरला विकत घेतले. २०१२ मध्ये शटरस्टॉक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले. म्हणजे या धंद्यात पैसा आहेच. तो दुकानदाराकडे जमतो, कारण त्याच्याकडे कोट्यवधी फोटो आहेत आणि त्यातला कोणताही विकला गेला तरी त्याचा गल्ला भरतो. आपल्याकडे पाचशे असतात.

इथे एक शब्द नीट समजून घ्या, 'रॉयल्टी-फ्री'. पुष्कळांना वाटते की फोटो फुकट गेला. तसे नाही. ग्राहकाने एकदा पैसे भरले की ठरलेल्या अटींत तो फोटो पुन्हा पुन्हा वापरू शकतो, दर वापराला वेगळे पैसे नाहीत. फोटोचा कॉपीराइट आपल्याकडेच राहतो आणि एकाच साइटशी बांधून घेतले नसेल, तर तोच फोटो दुसरीकडेही ठेवता येतो.

आता मोबदला. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के फोटोग्राफरला देते. शटरस्टॉकने जून २०२० पासून पायऱ्या केल्या. वर्षातल्या पहिल्या शंभर विक्रींपर्यंत १५ टक्के, मग चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत. पण दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. आपल्याकडे वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला दर जूनमध्ये परत पहिलीत बसवले, तर पालक काय म्हणतील? जगभरच्या फोटोग्राफरांनी तेच म्हटले. आणि वर्गणीतल्या एका विक्रीचा किमान मोबदला ठरला दहा सेंट. डॉलर पंच्याऐंशी रुपये धरला, तर साडेआठ रुपये. आमच्या स्टँडसमोर तेवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही.

गणिताच्या सरांसमोर उभा आहे, तेव्हा उदाहरण पूर्ण मांडतो. समजा, तुमच्याकडे विकण्याजोगे ५०० फोटो आहेत. फोटो निवडणे, संगणकावर साफ करणे, शीर्षक आणि शोधशब्द लिहिणे, चढवणे याला एका फोटोमागे अर्धा तास धरा. झाले २५० तास. समजा, प्रत्येक फोटो सरासरी वर्षातून एकदा विकला गेला आणि सरासरी २५ सेंट मिळाले. वर्षाला १२५ डॉलर, म्हणजे सुमारे १०,६०० रुपये. तीन वर्षे असेच चालले तर जवळपास ३२,००० रुपये. भागिले २५० तास. तासाला पडले सव्वाशे-एकशेतीस रुपये. निम्मेच विकले गेले, तर साठ-पासष्ट.

काही जण म्हणतील, घरबसल्या वाईट काय आहे? बरोबर आहे. पण या हिशेबात फोटो काढण्याचा वेळ नाही, कॅमेरा नाही आणि प्रवास नाही. तो घाला. तुम्ही केवळ स्टॉकसाठी म्हणून महाबळेश्वरला गेलात आणि पेट्रोलला दीड हजार रुपये गेले. २५ सेंटच्या हिशेबाने सत्तर विक्री झाल्या की पेट्रोल सुटले. दहा सेंटच्या हिशेबाने पावणेदोनशे. चहा-भजी वेगळी. आणि तिथला सूर्यास्त तुमच्याआधी लाखो लोकांनी काढून ठेवलेला आहे. म्हणून मी म्हणतो, बहिणीकडे महाबळेश्वरला निघालाच असाल तर कॅमेरा जरूर घ्या. फोटोसाठी म्हणून बहीण शोधू नका.

या बाबतीत जगातले सगळ्यात गाजलेले उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. विंडोज एक्सपीचा संगणक सुरू केला की हिरवीगार टेकडी आणि निळे आकाश दिसायचे, आठवते? तो फोटो चार्ल्स ओरिअर या अमेरिकन फोटोग्राफरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढला. तो मैत्रिणीला भेटायला गाडीने निघाला होता. पाऊस होऊन गेलेला, टेकडी हिरवी झालेली, त्याने गाडी थांबवली आणि फिल्मवर फोटो घेतला. पुढे तो स्टॉक एजन्सीत गेला आणि तिथून मायक्रोसॉफ्टने घेतला. पण त्याच्यामागे नॅशनल जिओग्राफिकसाठी केलेल्या कामाची वर्षे होती आणि असा फोटो लाखात एकाच्या नशिबी येतो. त्यावर घर चालवायचा बेत करू नये. तरी तो तसेही जाणाऱ्या वाटेवर मिळाला, एवढे ध्यानात ठेवा.

मग विकले काय जाते? माझी वही सांगते ती गोष्ट थोडी गमतीची आहे. पहाटे उठून, गड चढून काढलेले सूर्योदय पडून आहेत. घरी गौरी-गणपतीला मोदक करताना उकड मळण्यापासून ते चाळणीत मोदक लावण्यापर्यंत सौभाग्यवतींच्या हातांचे जे फोटो काढले, ते हळूहळू जात राहिले. सुपात पाखडलेले तांदूळ, दगडी पाट्यावरची चटणी, गाडीच्या कारखान्यातला मायक्रोमीटर धरलेला हात. का? घेणाऱ्याला सुंदर फोटो नको असतो, उपयोगी पडणारा हवा असतो. त्याला एका बाजूला मजकूर छापायला मोकळी जागा हवी असते. आणि तो फोटो त्याला सापडला पाहिजे. शोधशब्द इंग्रजीत लिहावे लागतात. जर्मनीतल्या संपादकाला 'उकडीचे मोदक' ठाऊक नसतात, त्याला तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गोड पदार्थ असे सांगावे लागते. बाईंनी आठवीत इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या, त्यांचे पैसे मला इथे मिळाले.

आता सांगतो ती गोष्ट पैशाहून मोठी आहे. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल आणि फोटो जाहिरातीला विकायचा असेल, तर त्या माणसाची लेखी संमती लागते. त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. ती नसेल तर तो फोटो फक्त संपादकीय वापरासाठी, म्हणजे बातमी किंवा माहितीपर लेखासाठी ठेवता येतो. दिंडी, विसर्जन, आठवडी बाजार हे सगळे त्यात येते. पण कायद्याने सही मिळाली म्हणजे आपली जबाबदारी संपली का? वारीतल्या एखाद्या आजोबांना आपण म्हणालो, "माउली, इथे सही करा," तर ते हसून करतील. तो चेहरा उद्या कर्जाच्या, दारू सोडवण्याच्या नाहीतर कुठल्या आजाराच्या जाहिरातीत जाऊ शकतो. साइटवर काही बंधने असतात, पण कोण घेणार आणि कुठे लावणार हे आपल्याला विचारले जात नाही. साडेआठ रुपयांसाठी? मी ओळखीच्या-अनोळखी कोणाचाही चेहरा तिथे ठेवत नाही. हात ठेवतो. दुसऱ्याने काढलेली वारली चित्रे, मूर्तिकाराची मूर्ती, कंपन्यांची बोधचिन्हे हेही आपले नसते. ते आपल्या फोटोत आले म्हणून आपले होत नाही.

आणि आता यंत्राने चित्र काढण्याचे दिवस आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयशी करार जाहीर केला. त्याच डिसेंबरात अडोबी स्टॉकने यंत्राने बनवलेली चित्रे विक्रीला घ्यायला सुरुवात केली. मार्च २०२३ मध्ये अडोबीने फायरफ्लाय आणले, आणि ते शिकवायला अडोबी स्टॉकवरचेच फोटो वापरले. फोटोग्राफरांना त्याबद्दल बोनस दिला हे खरे, पण आपल्याच मालावर आपला स्पर्धक वाढला हेही खरे. हस्तांदोलन करणारे दोन सूटवाले, हसरे कुटुंब, समुद्रावरचा सूर्यास्त, हे आता कोणीही अर्ध्या मिनिटात बनवून घेईल. त्या मालाचा भाव आणखी उतरणार. टिकलाच तर खरा फोटो टिकेल, जो त्या जागी उभा राहिल्याशिवाय निघत नाही आणि ज्याच्या खाली ठिकाण आणि तारीख लिहिता येते.

शेवटी ज्यांच्यासाठी हा विषय घेतला, त्यांना सरळ सांगतो.

निवृत्त होणाऱ्या मित्रा, कॅमेरा घ्यायचा असेल तर आनंदासाठी घे, परतफेडीच्या आशेवर घेऊ नकोस. आहे त्या कॅमेऱ्यातले, चांगल्या मोबाइलमधलेही, शंभर फोटो आधी चढव. क्वालिटीवाले नाकारतील, कारणही देतील, फोकस नाही, प्रकाश कमी, डाग आहेत. ती फुकटची शिकवणी समज. अडोबीकडे पंचवीस डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. तिथवर पोचायला किती महिने लागले ते वहीत लिही, मग दीड लाखाचे ठरव. कराचा अर्जही नीट भर. अमेरिकेतल्या ग्राहकाकडून आलेल्या रकमेवर अर्जाविना ३० टक्के कापतात, भारत-अमेरिका कराराप्रमाणे १५. आणि ही कमाई आपल्याकडच्या विवरणपत्रातही दाखवावी लागते.

मैत्रिणीच्या मुलाला माझा निरोप, नोकरी सोडू नकोस. फोटोग्राफीवर पोट भरायचे असेल तर बाजारपेठेतल्या आपल्या स्टुडिओवाल्या मित्राकडे सहा महिने उमेदवारी कर. तो एका बारशाच्या ऑर्डरीत जे मिळवतो, ते मला साइटवर वर्षभरात मिळत नाही. कारण त्याचा गिऱ्हाईक समोर असतो, भाव दोघे मिळून ठरवतात, आणि काम आवडले की तो माणूस लग्नालाही त्यालाच बोलावतो. साइटवरच्या गिऱ्हाइकाला आपले नावसुद्धा माहीत नसते.

आणि ज्यांच्या हार्डडिस्कमध्ये वर्षानुवर्षांचे फोटो नुसते पडून आहेत, त्यांनी मात्र जरूर ठेवावेत. दूरच्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या पुस्तकात आपल्या अंगणातले सूप छापून येईल. साडेआठ रुपये आणि हे समाधान, दोन्ही मिळून परवडते. ज्याला बसून शिकायचे आहे, त्याने चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. लॅपटॉप आणला आहे आणि वहीही.

सर, ताळा जमला असेल असे धरून थांबतो.