न थांबणारा निरोप



औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडियाची वेधशाळा होणार, हे नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंनाही आता ठाऊक झालंय. तिचं काम ज्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्याच विभागाकडे १९६२ पासून परळचं टाटा रुग्णालय आहे. त्याच परळमध्ये १९६३ पासून या विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देत आलंय. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठणाऱ्यांत गळ्याच्या गाठीचे रुग्णही असतात. त्यांच्या फायलीत हल्ली ‘बीरॅफ’ हा शब्द दिसतो. आज त्याबद्दल.

थायरॉइड ही गळ्यात कंठमण्याच्या खाली असलेली ग्रंथी. तिच्यातली गाठ घोट गिळताना वर सरकते. आरशासमोर पाणी पिऊन पाहा. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ‘गलगंडच असेल’ म्हणून वर्षानुवर्षं गळ्याला रुमाल गुंडाळून फिरणंही बरं नाही. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी, एवढ्यावर बरंच कळतं.

पेशीनं वाढायचं कधी, याचा निरोप बाहेरून येतो. तो तिच्या पृष्ठभागावरच्या रेणूला चिकटतो. मग आत रास हे प्रथिन, त्याच्याकडून बीरॅफ, पुढे मेक, मग ईआरके, असा प्रथिनांच्या साखळीतून हातोहात तो केंद्रकापर्यंत पोचतो आणि एका पेशीच्या दोन होतात. बाहेरचा निरोप थांबला की साखळीही शांत. पॅपिलरी हा थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. त्याच्या साधारण निम्म्या रुग्णांत बीरॅफ जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनात सहाशेव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं, बस्स. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचे कॉन्टॅक्ट चिकटले की लाल बटण कितीही दाबा, मोटार चालूच राहते. तसा हा बीरॅफ. निरोप कुणी दिलेलाच नसतो, तरी पुढे जात राहतो.

रोग पसरतो तोही याच साखळीच्या जोरावर. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात, भोवतालचं जाळं विरघळवणारी वाढतात आणि मानेत बाजूला गाठी येऊ लागतात. फॉलिक्युलर प्रकारात बिघाड बहुधा रासमध्ये असतो. हा कर्करोग रक्तावाटे फुफ्फुसांत, हाडांत जातो.

खरी लबाडी पुढेच आहे. थायरॉइडच्या पेशीवर रक्तातलं आयोडीन आत ओढणारं एक खास प्रथिन असतं. शस्त्रक्रियेनंतर दिलेलं आयोडीन-१३१ त्याच्याच मदतीनं उरल्यासुरल्या पेशींत शिरतं आणि त्यांना मारतं. म्हणून तर आधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद करायला सांगतात. पेशी आयोडीनला भुकेल्या हव्यात. पण अडकलेला बीरॅफ हे प्रथिनच कमी करतो. म्हणजे रोग वाढवणारा बिघाडच औषधाची वाटही अडवतो! साखळी रोखणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांत आयोडीन पुन्हा आत जाऊ लागतं, हे २०१३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं. काही महिन्यांत जीव घेणाऱ्या थायरॉइडच्या ॲनाप्लास्टिक कर्करोगात बीरॅफचा हा बदल सापडला, तर द्यायच्या दोन गोळ्यांच्या जोडीला २०१८ साली तिथं परवानगी मिळाली. किमती मात्र कापूस-सोयाबीनच्या पैशात बसणाऱ्या नाहीत.

मेड्युलरी प्रकाराचं वेगळं आहे. त्यातल्या साधारण चौघांपैकी एकाला रेट जनुकातला बदल जन्मतःच मिळालेला असतो. तो सापडला तर भावंडांची आणि मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी लागते. गाठ नसली तरी.

एक कामाची गोष्ट. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो. दवाखान्यात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. जनुकाची तपासणी त्याच्यावरून पुढे काही वर्षांनीही होऊ शकते. मोठ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टाबरोबर तो ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. तो हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवला, तर मेण मऊ पडतं.