मुलांची सहल खाडीवर
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा शाळेची सहल ठाण्याच्या खाडीवर न्यावी की पाण्याच्या खेळांच्या बागेत, हा प्रश्न पालकसभेपुढे यावयाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी त्या सभेला जाणार, म्हणून आजच चार शब्द बोलते.

"चिखलात पाहायचे काय?" असे विचारले जाते. गेल्या वर्षी मी मुलांबरोबर ऐरोलीस गेले होते. तिवराचे पान जिभेला लावताच मुलांची तोंडे खारट झाली आणि नको असलेले मीठ झाड पानावाटे टाकते, हे त्यांना तिथल्या तिथे कळले. चिखलातून वर आलेली मुळे श्वासासाठी असतात, हेही त्यांनी पाहिले.

ही खाडी भरावाने व कचऱ्याने पुष्कळ सोसून बसली आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास व तेथे भराव टाकण्यास मनाई केली. २०१५ साली येथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडीस रामसर यादीत स्थान मिळाले. भराव काढून भरतीची वाट मोकळी केली, की तिवराचे बी पाण्यावर तरंगत येते व रुजते. बिघडलेले सुधारता येते, हा धडा मुलांनी डोळ्यांनी पाहावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्याला पसरायला जागा कुठे उरली, हे त्यांनाच उद्या विचारावे लागणार आहे.

मुलींनी चिखलात कशाला जावे, असेही कोणी म्हणतात. अहो, कोळणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच चिखलात उतरून शिंपल्या वेचीत व संसार चालवीत आल्या!

दिवस मात्र पंचांग पाहून ठरवावा. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते, तेव्हा चिखल उघडा पडून खेकडे, निवट्या व पक्षी दिसतात. पुनवेला वा अवसेला दुपारी भरती येते, ती होडीला बरी. रोहित पाहायचे तर हिवाळ्यात जावे. जुने कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली एवढीच तयारी पुरे.

पालकसभेत आपण सर्वजणींनी खाडीच्या बाजूने हात वर करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.