नव्वद सेकंद थांबणारा प्रोग्राम

12 एप्रिल 2025 रोजी, शनिवारी, देशभर यूपीआय कित्येक तास अडकलं. दुकानात सामान पिशवीत भरून झालं, क्यूआर कोड स्कॅन झाला आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर कारण शोधलं. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असंच ते आहे. ‘या व्यवहाराचं काय झालं?’ एवढा एकच प्रश्न काही बँकांच्या यंत्रणा पुन्हा पुन्हा विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. उत्तर यायला उशीर झाला की प्रश्न वाढत, आणि प्रश्न वाढले की उत्तराला आणखी उशीर होई.

त्यावर आलेला नियम साधा होता. पहिली विचारणा 90 सेकंदांनंतर करायची आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही. 1 ऑगस्ट 2025 पासून खातेदारालाही एका अॅपमधून दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येते.

असा नियम, उदाहरणार्थ मिनिटाला पाचच रिक्वेस्ट, लिहायला तज्ज्ञ लागत नाही. पायथॉन शिकायला लागून दोन महिने झालेला विद्यार्थी तो लिहू शकतो. एक डिक्शनरी घ्यायची. वापरकर्त्याचा क्रमांक ही तिची की, आणि त्याच्या अलीकडच्या रिक्वेस्टच्या वेळांची यादी ही व्हॅल्यू. नवी रिक्वेस्ट आली की 60 सेकंदांपेक्षा जुन्या वेळा यादीतून काढून टाकायच्या. उरलेल्या पाच किंवा जास्त असतील तर 429 हा ‘फार जास्त रिक्वेस्ट’ सांगणारा कोड परत पाठवायचा, नाहीतर आत्ताची वेळ यादीत घालून पुढचं काम करायचं. दहा-बारा ओळींत हे संपतं. 429 हा कोड 2012 साली प्रमाणित झाला आणि त्यासोबत ‘इतक्या सेकंदांनी परत या’ असंही कळवता येतं. नकार देताना परत कधी यायचं हे सांगणं फार मोलाचं आहे, कारण ते सांगितलं नाही तर समोरचा लगेच पुन्हा दार ठोठावतो.

ठोठावणाऱ्याचा कोडही तितकाच छोटा असतो, आणि खरी हयगय तिथेच होते. उत्तर आलं नाही तर एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ. दर वेळी त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, म्हणजे हजारो मोबाइल एकाच क्षणी परत धडकत नाहीत. पाच प्रयत्नांनंतर सोडून द्यायचं आणि माणसाला स्पष्ट सांगायचं. पैशाचा व्यवहार असेल तर प्रत्येक प्रयत्नात तोच व्यवहार क्रमांक पाठवायचा आणि तो क्रमांक आधी येऊन गेलाय का हे सर्व्हरने तपासायचं, नाहीतर एका चहाचे पैसे दोनदा जातात. वर्गात मात्र लूप शिकवला जातो, थांबणं शिकवलं जात नाही. ते ‘अॅडव्हान्स्ड’ म्हणून शेवटच्या सेमिस्टरला ठेवलं जातं, आणि तोवर मुलांच्या हाताला वेगळीच सवय लागलेली असते.

आपल्या जबलपूरला मागणी आवरण्याचं हे तंत्र वेगळ्या भाषेत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मध्य प्रदेशचं वीज लोड डिस्पॅच सेंटर इथेच नयागावला आहे. ग्रिडची फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी यासाठी तिथे रात्रंदिवस मागणी आणि पुरवठ्याचा मेळ घातला जातो. 30 जुलै 2012 च्या मध्यरात्रीनंतर बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी तीच वाहिनी पुन्हा ट्रिप झाली आणि उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येचं ग्रिडही गेलं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ज्यात येतात ते पश्चिम ग्रिड मात्र वेगळं पडून उभं राहिलं. बिघडलेला भाग तोडून बाकीचं वाचवण्याची हीच सर्किट ब्रेकरची युक्ती मायकेल नायगार्ड यांनी 2007 च्या ‘रिलीज इट’ या पुस्तकात सॉफ्टवेअरसाठी मांडली. पलीकडची सेवा सलग अपयशी ठरली की काही काळ तिला विचारायचंच नाही, मग एखादी रिक्वेस्ट सोडून बघायची, आणि ती यशस्वी झाली तरच वाट पुन्हा मोकळी करायची. विजेच्या कार्यालयांमध्ये वाढलेल्या या शहरातल्या मुलांना ती समजावून सांगायला फारसे कष्ट पडणार नाहीत.

मर्यादा घालणाऱ्याने एक गोष्ट मात्र जपली पाहिजे: मोजायचं कुणाला? 2021 मध्ये कोविन या लसनोंदणी यंत्रणेच्या सार्वजनिक एपीआयवर एका आयपीमागे पाच मिनिटांत 100 कॉल अशी मर्यादा होती. लसीच्या जागांवर बॉटने डल्ला मारू नये म्हणून मर्यादा हवीच होती. पण वसतिगृहातले शेकडो विद्यार्थी एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतात, आणि मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एकच आयपी वाटून देतात. तिथे एकाच्या स्क्रिप्टमुळे शेजाऱ्यांची वाट बंद होते. लॉगिन झालेल्या वापरकर्त्यामागे मोजणं अधिक न्याय्य, आणि आयपीची मर्यादा त्याच्या बाहेर, थोडी सैल. हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण लस कुणाला मिळाली याच्याशी त्याचा संबंध होता.

म्हणून या व्यासपीठावरून मागणी एकच आहे. जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालयापासून छोट्या खासगी क्लासपर्यंत, नेटवर्कवर जाणारा पहिला प्रोग्राम टाइमआउटशिवाय, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची हे ठरवल्याशिवाय, तपासायला स्वीकारू नये. प्रॅक्टिकलला दोन विद्यार्थ्यांची जोडी करावी. एकाने मर्यादा घालणारा सर्व्हर लिहावा, दुसऱ्याने त्यावर दोनशे रिक्वेस्ट सोडाव्यात. मग मध्येच सर्व्हर बंद करावा, अर्ध्या मिनिटाने चालू करावा आणि दोघांनी मिळून लॉग वाचावा: किती रिक्वेस्टना 429 मिळाला, किती थांबून परत आल्या, एखादी दोनदा नोंदली गेली का. गुण त्या लॉगवर द्यावेत.