‘काहून?’ विचारणारा वर्ग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही बुद्धीची देवता. लोकमान्यांनी १८९३ मध्ये या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हापासून आरतीबरोबर व्याख्यानही आलं. म्हणून आज बुद्धीच्याच एका प्रश्नावर बोलतो. आपली मुलं घरात दिवसभर ‘काहून?’ विचारतात. शाळेत गेली की हा शब्द हळूहळू बंद होतो. कशामुळे?

एक कारण आपल्या भागाचं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरची भाषा मराठी आणि पुस्तकाची हिंदी. पोराला उत्तर माहीत असतं, पण ते हिंदीत नीट मांडता येईल की नाही या धास्तीने ते गप्प बसतं. आणि गप्प वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असं आपण मोठी माणसं समजतो.

याला उत्तर शोधायला परदेशात जायला नको. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो मांडला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करायची. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरं नव्हती, प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण तपासायची होती ती समज. हे सगळं साध्या सरकारी शाळांत घडलं.

मुलांना नुसतं मोकळं सोडून हे होत नाही. गोंधळ वेगळा आणि कृतीतून शिकणं वेगळं. त्यामागे शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, सामानाची पेटी होती, आणि शिक्षकांच्या नियमित बैठका होत्या. म्हणजेच, आखणी होती.

आखणी कशी करायची ते आपल्या संत्र्यावरच सांगतो. प्रश्न असा: मोठ्या संत्र्यात फोडी जास्त असतात का? वेळ ४० मिनिटं. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. हे आधीच लिहून घ्यावं, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात, ‘मला माहीतच होतं!’ मग ४८ मुलांच्या वर्गात चार-चारचे १२ गट. एकाने दोऱ्याने घेर मोजायचा, एकाने सोलून फोडी मोजायच्या, एकाने तक्ता भरायचा, चौथ्याने गटाच्या वतीने बोलायचं. पुढच्या वेळी कामं बदलायची, म्हणजे हुशार पोरगाच सगळं करतो असं होत नाही. याला १५ मिनिटं. पुढची १५ मिनिटं सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडून चर्चा. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने आपल्या जुन्या अंदाजाखाली लिहायचं: मत बदललं का, आणि कशामुळे?

शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. मीही सांगणार नाही. घरी जाऊन मोजा. पण शिक्षकाच्या खिशात पुढचे प्रश्न तयार हवेत. पाच संत्री मोजली, ती पुरेशी आहेत का? सगळी एकाच झाडाची होती का? आंबिया बहाराची आणि मृग बहाराची वेगळी मोजली तर? दोन गटांचे आकडे जुळत नसतील तर चूक कोणाची, की कोणाचीच नाही? विचार करायला मूल इथे शिकतं. आणि गटातलं बोलणं खुशाल मराठीत होऊ द्यावं; लिहिताना हिंदी येईल. विचार घरच्या भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेत मांडणं सोपं जातं.

हीच पद्धत इतिहासालाही लागू पडते. तीनच दिवसांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमार झाली. तिची सुरुवात कोणी पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावच्या मुलीच्या प्रेमकथेत सांगतं, कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावात. आठवीच्या मुलांना सांगा, आपापल्या आजी-आजोबांकडून कथा लिहून आणा. मग विचारा: या दोन्हीपैकी कशाला लेखी पुरावा आहे? तो कुठे शोधायचा? आणि दरवर्षी माणसं जखमी होतात, काही वेळा जीव गेले आहेत, तर परंपरेतलं काय राखायचं आणि काय बदलायचं? चंडीमातेवरची श्रद्धा आणि दगड या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील का? निर्णय मुलांवर लादू नका. पण ज्या पोराने हा विचार एकदा वर्गात केला, ते नदीकाठी दगड उचलण्यापूर्वी क्षणभर थांबेल, एवढी आशा मला आहे.

होशंगाबादचा तो कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला आणि ३० वर्षं चालला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. आपण पालक शाळेत जाऊन फक्त ‘वही किती भरली, मार्क किती पडले’ एवढंच विचारत राहिलो, तर असा कोणताच प्रयत्न टिकणार नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या जिल्ह्याच्या शाळा कशा असाव्यात यावर बोलायची हीच वेळ आहे. मंडळाला एक विनंती करतो. पाठांतर स्पर्धा जरूर ठेवा, तिच्यामुळे आपली मराठी टिकली आहे. तिच्या जोडीला पुढच्या वर्षी उत्तम प्रश्नाचीही एक स्पर्धा ठेवा. आणि आज रात्री घरी मुलाला ‘शाळेत काय शिकवलं?’ असं न विचारता ‘आज तू काय विचारलंस?’ असं विचारा.

गणपती बाप्पा मोरया!