मिरचीचे बी घरातच अंकुरवा
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिच्यावाचून आपल्या घरचे कालवण होत नाही, ती मिरची मूळची इथली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती अमेरिका खंडातून आली आणि नंदुरबारपासून भिवापूरपर्यंत इथल्या मातीशी एकरूप झाली. परंतु उष्ण प्रदेशातला आपला स्वभाव तिने सोडलेला नाही. तिच्या बियाला अंकुरण्यासाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. ती मिळाली तर आठवडा-दीड आठवड्यात कोंब दिसतो. न मिळाल्यास बी थंड, ओल्या मातीत पडून राहते आणि पुष्कळदा कुजते.

उन्हाळी मिरचीसाठी डिसेंबर-जानेवारीत रोपे तयार करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. खानदेश-विदर्भात तेव्हा रात्री कडाक्याची थंडी असते. संकरित बियाणे महाग; ते वाफ्यात वाया गेले तर पैसा जातोच, शिवाय दुसऱ्यांदा बी टाकेपर्यंत हंगामाचे दोन-तीन आठवडे हातचे जातात. अर्ध्या एकराच्या धन्याला हा तोटा सोसणारा नाही.

यावरील उपाय घरातच आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. सकाळी निथळून स्वच्छ, ओलसर सुती फडक्यात पातळ पसरावे, फडके गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावे व डबा घरातील उबदार कोपऱ्यात ठेवावा. फडके ओलसर असावे, पाणी गळणारे नसावे. कारण बियाला पाण्याइतकीच हवाही लागते. रोज एकदा ते उघडून पाहावे. पांढरा कोंब टोक काढताच बी हलक्या हाताने ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर अर्धा ते एक सेंटिमीटर खोल लावावे. कोंब लांबू दिला तर तो मोडतो. रोप वर येताच त्याला भरपूर उजेड द्यावा, अन्यथा ते उंच व लेचेपेचे होते. पाणी बेताने द्यावे; अति ओलीने रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. वर बारीक जाळी लावल्यास बोकड्या रोगाचा विषाणू पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीला आळा बसतो.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. बाजारातील रंगीत बियाण्यास बहुधा औषध चोळलेले असते. ते भिजवू नये, हातमोजे घालूनच ओलसर फडक्यात ठेवावे. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, मुलांना हात लावू देऊ नये.

शिक्षक मित्रांना यात एक सुंदर पाठ सापडेल. गावातील शेतकऱ्यांनी घरी राखलेल्या, औषध न लावलेल्या बियांतून १०० बिया मोजून मुलांनी फडक्यात ठेवाव्यात व दोन आठवड्यांनी कोंब मोजावेत. जितके कोंब, तितके टक्के उगवण. प्रमाणित मिरची बियाण्यासाठी किमान ६० टक्के उगवण अपेक्षित असते. मुलांच्या मोजणीत २५ कोंब निघाले, तर त्या शेतकऱ्याला वाफा टाकण्यापूर्वीच सावध करता येईल.

पंचायत सदस्यांनी ही मोजणी हंगामापूर्वी शाळेत घडवून आणावी आणि तिचा निकाल चावडीवर लावावा. विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी व खूणचिठ्ठी जपून ठेवण्यासही सांगावे. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा ठरतो. शेतात पेरण्यापूर्वी बियाची परीक्षा घरात झाली, तर गावातील कितीतरी कुटुंबांचा हंगाम वाचेल.