बापाचे कर्ज, पोराचा पगार आणि नादारीचा कायदा

(तुळिंज, नालासोपारा पूर्व येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांसाठी छापले आहे.)



कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्यांची बैठक तुळिंजला कशासाठी, असे गावाकडे पुष्कळांनी विचारले. उत्तर इथे समोर बसले आहे. कोणी यवतमाळचा, कोणी बीडचा, कोणी जालन्याचा. सातबारा तिकडे, भाड्याची खोली इकडे. सोसायटीची नोटीस गावातल्या दाराला चिकटते आणि तिचा फोटो रात्री इथल्या मोबाइलवर येतो. मग पोराला झोप नाही आणि गावाकडे बापालाही नाही.

आम्ही शेतकी शिकलेले कार्यकर्ते, वकील नव्हे. पण प्रत्येक बैठकीत तेच प्रश्न येतात, म्हणून कायदा वाचला आणि जाणकारांकडून समजून घेतला. तोच तुमच्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न : बापाचे कर्ज पोराच्या पगारातून कापतात काय?

नाही. पोराने जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसेल, तर बाप हयात असताना त्याच्या कर्जासाठी पोराच्या मजुरीला कोणी हात लावू शकत नाही. बाप गेल्यावर वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच. वारशात दोन एकर आले तर दोन एकरांपुरती. तुळिंजच्या कारखान्यात मिळवलेला पैसा त्यात येत नाही. बापाचे कर्ज फेडणे हा मुलाचा धर्म, म्हणून ते त्याच्याकडून वसूल करावे, हा हिंदू कायद्यातला जुना आधारही 9 सप्टेंबर 2005 नंतर घेतलेल्या कर्जांपुरता संपला आहे.

सही केली असेल तर गोष्ट वेगळी. जामीनदार हा कर्जदाराइतकाच बांधील असतो. तरीही दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यात मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराचे पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. म्हणजे पगार 16000 असेल तर 11000 हातात राहिलेच पाहिजेत. एकाच हुकुमनाम्यापोटी अशी कपात 24 महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा प्रश्न : जप्तीत काय नेतात, तुरुंगात टाकतात काय?

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असावे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. शेतकऱ्याची औते, पोट भरण्यापुरती जनावरे आणि बियाणे जप्त करता येत नाही. शेतकरी स्वतः राहतो ते घरही जप्तीतून सुटते, ते गहाण दिलेले नसेल तर. जमिनीला मात्र ही सूट नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

पैसा नाही म्हणून तुरुंग नाही. पैसा असून जाणूनबुजून देत नाही, असे कोर्टापुढे दिसले तरच दिवाणी तुरुंगाचा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्वच्छ सांगितले आहे. पैशाच्या हुकुमनाम्यापायी बाईला तर अटक करताच येत नाही. म्हणून दारात माणूस आला की आधी कागद मागा. कोर्टाचा हुकूम आहे, की सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला? काहीच कागद नसेल तर तो वसुली अधिकारी नव्हे, गुंड आहे.

तिसरा प्रश्न : नादारी म्हणजे काय?

हा शब्द आपल्याला नवा नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. दस्तऐवजामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी होणारी शेतकऱ्याची कैद बंद झाली आणि त्याच्यासाठी नादारीची वेगळी सोय झाली. पुढे 1980 च्या दशकाच्या शेवटी शेतकरी संघटनेने नादारीचे अर्ज कोर्टात भरण्याचा कार्यक्रम घेतला. कर्ज बुडवण्याचा तो डाव नव्हता. शेतीत फेडण्याइतके उरतच नाही आणि ते सरकारी धोरणामुळे उरत नाही, हे कोर्टाच्या कागदावर आणण्याची ती लढाई होती.

आज कोरडवाहू शेतकऱ्याला लागू आहे तो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहर-उपनगरासाठी 1909 चा वेगळा कायदा आहे. दहिसरचा नाका ओलांडून इकडे आलात की कायदा बदलतो. अर्ज कुठे करायचा? माणूस जिथे राहतो किंवा काम करून पोट भरतो तिथल्या जिल्हा न्यायालयात. म्हणजे जमीन यवतमाळला असली तरी तुळिंजचा रहिवासी पालघर जिल्ह्यासाठीच्या कोर्टात अर्ज करू शकतो. कर्ज 500 रुपयांहून कमी नसावे आणि ते फेडण्याची ऐपत नसावी. सगळी देणी, सगळे धनको, सगळी मालमत्ता अर्जात लिहावी लागते.

कोर्टाने नादार ठरवले की धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यामागे लागता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येते. ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला की ती देणी संपतात. ही मुदत चुकवू नका. चुकली तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि धनको पुन्हा दारात.

आता दुसरी बाजू. जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू सोडून सगळी मालमत्ता, जमीनसुद्धा, कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. जमीन गहाण असेल तर बँकेचा तिच्यावरचा हक्क नादारीने जात नाही. जामीनदार सुटत नाही. सरकारी देणे आणि फसवणुकीचे देणे सुटत नाही. मुक्तता मिळेपर्यंत नादारी न सांगता 50 रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणे गुन्हा आहे आणि ग्रामपंचायतीला उभे राहता येत नाही.

आणखी एक. अर्ज करण्याआधी जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करा, असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. दोन वर्षांच्या आतले असे फुकटचे हस्तांतर कोर्ट रद्द करू शकते आणि मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शेतकरी नादार असतो, लबाड नसतो. लबाडीचा डाग घेऊन लढाई जिंकता येत नाही.

मग अर्ज कोणी करावा? ज्याची जमीन गेली किंवा नावापुरती उरली, आणि कृषी केंद्राची उधारी, हातउसने, सावकार असे दहा धनको मागे आहेत, त्याला हा कायदा उपयोगी आहे. ज्याची जमीन बँकेकडे गहाण आहे आणि ती वाचवायची आहे, त्याने आधी तडजोड आणि व्याजाचा हिशेब पाहावा. शेतीकर्जावर तिमाही चक्रवाढ व्याज लावणे चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली म्हटले आहे. बँकेकडून खातेउतारा मागा आणि व्याज कधी कधी मुद्दलात मिळवले ते तपासा.

सावकाराचा पेच असेल तर 2014 चा सावकारी कायदा आहे. सावकारीत बळकावलेली जमीन, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त देववायचे नाही हा दामदुपटीचा नियमही आहे. वकिलाला पैसे नाहीत? तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दुष्काळात सापडलेले लोक यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो.

शेवटी मुख्य गोष्ट. 2016 साली देशात दिवाळखोरीचा नवा कायदा आला. कंपन्यांसाठी तो धावत सुटला. कंपनी बुडाली की धनको बसतात, कोट्यवधींवर पाणी सोडतात, कारखाना नव्या मालकाकडे चालू राहतो. त्याच कायद्यात तुमच्या-आमच्यासारख्या माणसांचा भाग आहे. पण 2019 साली तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता सुरू झाला. बाकीच्यांसाठी तो कागदावरच आहे. त्यातली गरिबासाठीची 'नवी सुरुवात' कोणाला? वर्षाचे उत्पन्न 60000 च्या आत, मालमत्ता 20000 च्या आत, कर्ज 35000 च्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशाला! एका बैलाची किंमत विचारा आणि मग सांगा, यात कोणता शेतकरी बसतो.

कर्जमाफ्या आल्या. 1990 ची दहा हजारांची. 2008 ची, दोन हेक्टरांच्या मर्यादेची, जिने दहा एकर कोरडवाहूवाल्याला बागायतदाराच्या पंगतीत बसवले. 2017 ची, 2019 ची. प्रत्येक वेळी रांग, अर्ज, निकष. माफी म्हणजे गुन्हा कबूल करून मिळालेली दया. आम्हाला दया नको. दुष्काळ आणि भाव या दोन्हींनी बुडालेल्याला कायद्याने सन्मानाने सुटण्याची वाट हवी आणि त्या वाटेत पोट भरण्यापुरती जमीन वाचली पाहिजे.

1920 च्या कायद्यात एक तरतूद आहे. नादारी दुर्दैवाने आली, त्यात गैरवर्तन नव्हते, असा दाखला कोर्ट देऊ शकते आणि मग नादाराची अपात्रता जाते. कायद्यालाही हे कळते. आपल्या घरातल्या माणसालाही ते कळू द्या. आज रात्री गावी फोन करा. बापाला सांगा, कर्ज आहे, वाट आहे, नोटिशीवरचा कागद नीट वाचून सांग, बाकी आपण मिळून पाहू. कागदाला घाबरून कोणी एकटा राहता कामा नये. संघटना त्यासाठीच आहे.