भंगलेले देऊळ, भंगलेले मन
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार करायचे ठरले की गवंडी प्रथम जुना गिलावा खरवडतो. वरून धड दिसणाऱ्या भिंतीला आतून किती तडे गेले आहेत, ते तेव्हा कळते. तडा दिसला म्हणून कोणी देवळाला नावे ठेवीत नाही. वेळीच कळले, बरे झाले, असेच म्हणतात. माणसाच्या मनाला मात्र ही सवलत मिळत नाही. तेथला तडा घरचा माणूस घरच्या माणसापासूनही लपवितो.

हा विषय देवाच्या दारात काढण्यास कारण आहे. जुन्नर तालुक्यात ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांचे हे गुरू. माघ शुद्ध दशमीला गुरुवारी स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला, असे महाराजांनीच सांगून ठेवले आहे. त्या समाधीपुढे डोके टेकविणारा तुकोबांना संत म्हणून ओळखतो. त्याआधीचा देहूचा वाणी तुकाराम कसा होता, याकडे लक्ष कमी जाते.

तरुणपणीच आईवडील गेले. थोरला भाऊ घर सोडून गेला. 1630 च्या सुमारास पावसाने पाठ फिरविली आणि दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. दुकानाचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी उपाशीपोटी गेली, मुलगाही गेला. यातले बरेचसे कोणा शत्रूने सांगितलेले नाही, महाराजांनी स्वतःच्या अभंगात सांगितले आहे. व्यवहार बुडाला, मान गेला, लोकांत लाज वाटू लागली, यातले काही त्यांनी झाकले नाही. आणि हेही ध्यानात घ्यावे, की संतांनी विचारले म्हणून त्यांनी हे सांगितले. एरवी बोलू नये असेच त्यांना वाटत होते. मन मोकळे व्हायला कोणीतरी विचारणारा लागतो, तो असा.

पुढे त्यांनी काय केले? देहूचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. सर्वस्व गमावलेल्या माणसाने पहिले काम हाती घेतले ते जीर्णोद्धाराचे! मग एकादशीचे कीर्तन सुरू केले. प्रारंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेसुद्धा त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, अंगमेहनतीने जमेल तेवढे दुसऱ्याच्या उपयोगी पडले. एका रात्रीत कोणी तुकाराम होत नाही. आधी झाले ते झाले म्हणून स्वीकारायचे, मग हाताशी असलेले लहान काम धरायचे, मग चार माणसांच्या सुरात सूर मिळवायचा. स्वीकारणे म्हणजे हात टेकणे नव्हे. पाया कोठे खचला हे पाहिल्यावाचून वर कळस चढत नाही.

आता आपल्या शिवाराकडे पाहावे. टोमॅटो भरून गाडी नारायणगावच्या बाजारात न्यावी आणि तोडणीची मजुरीही निघू नये. बराखीतला कांदा भावाची वाट पाहत सडून जावा. असे झाले की शेतकरी भावाला दोष देत नाही, स्वतःला देतो. सोसायटीचे कर्ज थकते, मुलीचे लग्न तोंडावर येते, आणि पाहुणे काय म्हणतील या धाकाने तो ओट्यावर येऊन बसणे सोडतो. पीक बुडाले म्हणजे माणूस बुडाला, असा हिशेब तो मनाशी मांडतो. हा हिशेब चुकीचा आहे. कष्ट त्याच्या हातात होते, ते त्याने केले. बाजार त्याच्या हातात नव्हता.

कधी दुःख एकट्याचे नसून गावाचे असते. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना. 151 माणसे गेली. पुढे जवळच आमडे येथे नवे गाव वसले आणि 2 एप्रिल 2017 रोजी घरे लोकांच्या स्वाधीन झाली. भिंती तीन वर्षांत उभ्या राहिल्या. मनाला अशी मुदत घालता येत नाही. अशा आघातातून जो वाचतो, त्याला आपण का उरलो हा प्रश्न छळतो. त्याला 'आता विसरा' म्हणू नये. गेलेल्यांची नावे त्याला घेऊ द्यावीत, आणि ती ऐकत जवळ बसावे.

तरीही काही तडे गवंड्यालाच दाखवावे लागतात. दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कामात मन नाही, जगून काय करायचे असे बोलणे येते, ही आजाराची लक्षणे आहेत. यात वेडाची भीती नको आणि लाज तर मुळीच नको. नवस जरूर करावा, पण डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा धरून चालतो, त्याला गुन्हेगार ठरवीत नाही. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि रात्री-अपरात्रीही कोणी ऐकणारे असते.

हे देऊळ गावाने उभे केले. कोणी हजारो रुपये दिले, कोणी दोन दिवस डोक्यावर पाट्या वाहिल्या. दोघांचीही सेवा देवाला सारखीच. आता एवढेच करावे. सायंकाळच्या हरिपाठाला रोज येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर आरती झाल्यावर कोणीतरी त्याच्या घराकडे वळावे. उपदेश नको. उंबऱ्याशी बसावे, चहा घ्यावा आणि विचारावे, "का हो, बरे आहे ना?" संतांनी तुकोबांना विचारले होते, तसेच.

जय हरि!